अंगठाभर आखूड मैदान

ही हकीकत कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आपली प्रकृती एकदा दाखवून घ्यावी. एका सरळमार्गी माणसाने पंधरवड्याच्या आत दोन शाळांची मैदानं आखूड केली, पळण्याचे जुने-नवे सगळे विक्रम धुळीला मिळवले, एका भरभराटीला आलेल्या दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि हे सगळं निव्वळ प्रामाणिकपणाच्या जोरावर. लबाडीने एवढं नुकसान करायचं म्हटलं असतं तर तीन-चार माणसं तरी हाताशी लागली असती.

हा माणूस म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानदार त्यांना पाठीमागे काटेकोरराव म्हणत. पुढे तोंडावरही म्हणू लागले, तेव्हा त्यांना ती पदवी वाटली. ते दुकानात पाऊल ठेवताच तराजूची पारडी आपोआप समान होतात, अशी त्यांची ख्याती होती. एक भाजीवाला तर शपथेवर सांगतो, की एकदा ते त्याच्या गाडीपाशी थांबून गेले आणि मागाहून बघतो तो सगळे टोमॅटो एका आकाराचे! भाजीवाला थोडं वाढवून सांगत असेल. पण थोडंच.

काटेकोरराव खालच्या मजल्यावर राहत आणि त्यांचे थोरले बंधू, म्हणजे दादा, वरच्या. दोघांना एकेक मुलगी, दोघी एकाच वयाच्या. काटेकोररावांची ती खार, कारण अंगाने एवढीशी आणि क्षणभर एका जागी ठरेल तर शपथ. दादांची ती टिटवी, कारण तिचे पाय जवळजवळ गळ्यापासूनच सुरू होत. शाळा मात्र वेगळ्या. जावाजावांचं शाळेवरून एकमत झालं नव्हतं, म्हणून खार नदीकाठच्या शाळेत आणि टिटवी टेकडीवरच्या. दोघींच्या पायांत वारं कुठून शिरलं हे घरात कुणालाच कळलं नाही. त्यांचे वडील जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळल्याचं सोंग करणारे. पण तीन हजार मीटर पळण्यात आख्ख्या गावात या दोघींच्या जवळपास फिरकणारी तिसरी मुलगी नव्हती.

इथवर सगळं गोडीत होतं. मग क्रीडा कार्यालयाने कळवलं, की लांब पल्ल्याच्या धावपटूंचं एक मोठं शिबिर भरतंय. तिथे नामांकित प्रशिक्षक शिकवणार, पुढच्या निवडी तिथूनच होणार. गावातून एकच मुलगी घेणार. शाळेच्या मैदानावरची जिची वेळ सर्वात कमी, ती.

टिटवीची वेळ दहा मिनिटं पन्नास सेकंद. खारीची दहा मिनिटं बावन्न.

"दोन सेकंद म्हणजे दोन सेकंद," टिटवीची आई, म्हणजे वहिनी, जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाल्या. "विषय संपला."

"कसला संपतोय, जाऊबाई?" काटेकोररावांची बायको खालच्या पायरीवरून म्हणाली. "टेकडीवरचं ते मैदान केवढंसं! तिथे कोंबडी सोडली तरी विक्रम करील."

"म्हणजे आमचं मैदान आखूड?"

"मी कुठे म्हटलं? ते बघणाऱ्याला वाटतं."

"आणि तुमचं नदीकाठचं? सगळं उताराला! तुमची लेक पळते कुठे, घरंगळते."

"गोल मैदानाला उतार कसा असेल हो? फिरून पुन्हा तिथेच तर यायचं!"

"मग अर्धं तरी उतार असेलच की!"

या वेळी ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या दोघी जिन्याच्या मधल्या पायरीवर, एकमेकींच्या मांडीवर पाय टाकून, टिटवीच्या बुटाचा सुटलेला तळवा चिकटवत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. अशा बाबतीत मुलांना विचारायची पद्धत नसते.

आणि इथे काटेकोररावांनी ते वाक्य उच्चारलं. ते म्हणाले, "भांडता कशाला? मी मोजतो."

"छोट्या, तू यात पडू नकोस," दादा वरून म्हणाले. धाकट्या भावाचे केस पिकले तरी तो छोट्याच. "तुझी मुलगी आहे यात."

"दादा, मोजपट्टीला मुलगी नसते," काटेकोरराव म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते आरशासमोर जाऊन आणखी एकदा म्हणून आले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या घरातले भूगोलाचे निवृत्त मास्तर तर चप्पल न घालताच आले.

"टेकडीवर हवा विरळ असते, हे लक्षात घेतलंत ना?"

"मास्तर, ती टेकडी तीन मजली इमारतीएवढी आहे."

"विरळ ती विरळ. शिवाय पृथ्वी फिरते. टेकडीवरच्या मुली कोणत्या दिशेने पळतात?"

"घड्याळाच्या उलट."

"आणि नदीकाठच्या?"

"त्याही उलटच."

"बघा!" मास्तर खुर्चीवर मागे रेलले. "पृथ्वीचा प्रश्न निकालात निघाला. अर्धं काम मी करून दिलं."

शेजारच्या विमावाल्या बाईंनी आपलं मनगट पुढे केलं. "हे घड्याळ बांधून एक फेरी मारा. ते उपग्रहाला विचारून अंतर सांगतं."

"त्या उपग्रहावर आमच्या खात्याचा शिक्का आहे?"

"इश्श, तिथे कोण मारायला जाणार?"

"मग त्याच्या सांगण्याला कायद्याने किंमत नाही."

"बरं, नका ऐकू. पण मोजायच्या आधी गुडघ्यांचा विमा तरी उतरवा," बाई म्हणाल्या. काटेकोरराव हसले. ते शेवटचं हसणं.

काटेकोररावांचा विश्वास एकाच वस्तूवर होता. खात्याच्या कपाटात मखमलीत गुंडाळून ठेवलेला, कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासायचा लोखंडी मीटर. सरळ, थंड आणि शिक्का मारलेला. तो बाहेर न्यायचा तर साहेबांची परवानगी हवी, आणि परवानगी फक्त व्यापाराच्या तपासणीसाठी.

"शाळा काय मैदान मीटरवर विकते का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. पण गणवेशाचं कापड विकते."

हे खरंच होतं. दोन्ही शाळांत गणवेशाच्या कापडाचं एकेक दुकान होतं. तेव्हा काटेकोरराव आधी टेकडीवरच्या शाळेच्या दुकानात शिरले. उगाच आलो असं व्हायला नको म्हणून तिथली पट्टी तपासली. ती केसभर आखूड निघाली. मग जप्त करणं आलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "या, मैदान मोजायला आलात ना? मोजा. आणि जाताना फळा, बाकं, काही जप्त करायचं राहिलं असेल तर बघा."

मैदानावरच्या पळायच्या पट्ट्याच्या आतल्या रेषेपाशी काटेकोररावांनी गुडघे टेकले. लोखंडी मीटर ठेवला, टोकाशी खडूची खूण केली, मीटर उचलून पुढे ठेवला. चारशे मीटरचं मैदान एकेक मीटर करून. जगात याहून सोपे मार्ग आहेत हे त्यांना माहीत होतं. पण त्यातल्या एकावरही शिक्का नव्हता.

मधली सुट्टी झाली आणि आख्खी शाळा कडेला जमली. मुलं मदत म्हणून मोठ्याने मोजू लागली. काही बरोबर मोजत होती, बाकीची मजेत. "एकशे चाळीस!" "तीनशे दोन!" "काका, अकरा!" काटेकोररावांच्या तोंडचा आकडा सटकला. त्यांनी मान वर करून गर्दीकडे अशा नजरेने बघितलं, की त्या नजरेसमोर किराणावाल्यांनी दुकानं बंद केली असती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला ते शेवटच्या वळणावर पोचले, तोच माळ्याने गवतावर पाण्याचा फवारा सोडला आणि खडूच्या सगळ्या खुणा काटेकोररावांसकट भिजून गेल्या. तिसऱ्या खेपेला तर म्हणे कुंपणावरचे कावळेसुद्धा दर मीटरला एकदाच ओरडत होते. ऐकीव गोष्ट आहे. पण कावळ्यांना शिस्त लावण्याइतका वेळ ते तिथे होते, यात शंका नाही.

मैदान भरलं तीनशे ब्याण्णव मीटर. आठ मीटर आखूड!

संध्याकाळी काटेकोरराव भिंतीला धरून घरात आले आणि आकडा सांगितला. बायकोने त्यांच्या गुडघ्यांना शेकायला गरम पाणी आणलं, साखर न मोजता चहा दिला, आणि आवाज जिन्यातून वर जाईल अशा बेताने म्हणाली, "आठ मीटर म्हणजे कमीच सांगताय हो तुम्ही!"

वरचं दार धाडकन आपटलं.

पण न्याय म्हणजे न्याय. दुसऱ्या दिवशी नदीकाठचं मैदान. तिथलं गणवेशाचं दुकान, तिथले गुडघे, तिथले कावळे. आणि ते मैदान भरलं... तीनशे ब्याण्णव.

त्या संध्याकाळी चहा गार होता.

एखाद्याने दोन्हीकडे सारखाच आकडा आला म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं. काटेकोररावांना गप्प बसायचं प्रशिक्षण नव्हतं. त्यांनी दोन्ही शाळांना आणि क्रीडा कार्यालयाला रीतसर कळवलं, की आपली मैदानं आखूड असून त्यांवर आजवर झालेले सर्व विक्रम संशयास्पद आहेत. क्रीडा कार्यालय अशा कामात कधी नव्हे ते तत्पर निघालं. सगळे जुने विक्रम त्यांनी चौकशी होईपर्यंत एका फटक्यात रद्द केले.

मग लोक घरी येऊ लागले. जुने धावपटू. त्यांतला कुणी आता बँकेत होता, कुणी इस्त्रीचं दुकान चालवत होता, एकजण तर दारातून आत मावेना. पण प्रत्येकाच्या पोटात कधीकाळी केलेली एकेक वेळ जपून ठेवलेली होती. आणि काय गंमत, दिवाणखान्यात बसल्याबसल्या ते आपल्या वेळांची तुलनाच करू लागले. माझ्या वेळी समोरून वारा होता, माझ्या वेळी बूट भावाचे होते, माझ्या वेळी आदल्या दिवशी ताप होता. अर्ध्या तासात त्या खोलीत निरोगी माणूस असा एकही पळालेला नव्हता. शेवटी दंतवैद्य उठले. पाच हजार मीटरचा गावचा विक्रम त्यांचा, कित्येक वर्षं न मोडलेला.

"माझ्या दवाखान्यात खुर्चीच्या बरोब्बर समोर त्या शर्यतीचा फोटो आहे," ते म्हणाले. "मी दात काढत असताना पेशंट तो बघतात आणि विचार करतात, हा माणूस शेवटपर्यंत टिकणारा आहे. आता मी त्यांना काय दाखवू?" आणि त्यांनी रुमाल काढला.

"तुम्ही शंभर मीटर वगैरे जास्त पळून या, म्हणजे हिशेब पुरा होईल," मास्तरांनी सुचवलं. मास्तरांना बाहेर नेण्यात आलं.

वर दादा भावाशी बोलेनासे झाले. ते आधीही फार बोलत नसत, पण आता न बोलणं मुद्दाम होतं. जावाजावा एकमेकींना मुलींमार्फत निरोप पाठवू लागल्या. मुली ते निरोप जिन्यातच आपसांत वाटून घेत आणि पळायला जात, दोघी बरोबर. काटेकोररावांना दिवसभर काही वाटत नसे. पण सकाळी खिडकीतून त्या दोघींना एका लयीत पाय टाकत जाताना बघितलं, की त्यांची दाढी अर्धीच राही. एक जाणार आणि एक राहणार. आणि त्या दोघींच्या मध्ये आपण लोखंडी मीटर घेऊन उभे.

भांडं फुटलं ते पडद्यामुळे. लोकांची ये-जा फार वाढली म्हणून बायकोने दिवाणखान्याला जाड पडदा करायला घेतला. कापड मोजायला अर्थात काटेकोरराव बसले.

"अहो, तो अंगठा कशाला?" बायको म्हणाली.

"कुठला अंगठा?"

"मीटरच्या टोकाशी अंगठा ठेवताय, आणि पुढचा मीटर त्याच्या पलीकडून धरताय. मधला अंगठा गेला कुठे?"

काटेकोररावांनी अंगठ्याकडे पाहिलं. जगातला प्रत्येक चांगला कापडवाला असंच मोजतो. मीटर संपला की बोटभर कापड सोडून पुढचा मीटर धरायचा, ते बोटभर गिऱ्हाइकाचं. तेवढं गिऱ्हाइकाला मिळालंच पाहिजे म्हणून त्यांनी स्वतः हयातभर दुकानदारांशी हुज्जत घातली होती. हाताला तीच सवय. मैदानावरही त्यांनी दर मीटरला एकेक अंगठा सोडला होता, आणि चारशे मीटरमध्ये अंगठ्याअंगठ्याने आठ मीटर जमीन कुठल्याशा अदृश्य गिऱ्हाइकाला उदारपणे देऊन टाकली होती.

"म्हणजे मैदानं पुरती आहेत," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मैदानं पुरती आहेत. माणूस जरा आखूड निघाला," बायको म्हणाली, आणि नाही म्हटलं तरी हसली.

चूक लेखी कबूल करताना काटेकोररावांनी शुद्धलेखन तीनदा तपासलं, तेवढीच अब्रू. क्रीडा कार्यालयाने विक्रम परत दिले. दंतवैद्यांनी फोटो पुसून पुन्हा खिळ्याला अडकवला. आता टिटवीचे दोन सेकंद पुन्हा खरे झाले होते, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी गुणगुणत होतं. इथे शहाणा माणूस थांबला असता. पण दिलगिरी व्यक्त करायला टेकडीवरच्या शाळेत गेले असता काटेकोररावांच्या नजरेला क्रीडाशिक्षकांच्या गळ्यातलं घड्याळ पडलं, ज्यावर ते शर्यतीची वेळ घेत. त्यांनी ते सहज उलटं करून बघितलं. शिक्का नव्हता. नदीकाठच्या शाळेतल्या घड्याळावरही नव्हता.

दोन्ही जप्त.

क्रीडा कार्यालयातल्या कारकुनांनी कपाळाला हात लावला. "आता दोघींची वेळ बाद. शिबिराचं नाव कळवायची मुदत परवा संपतेय. एकच उपाय. उद्या सकाळी दोघींना एकाच वेळी पळवा, पाण्याच्या टाकीभोवतीच्या रस्त्यावर. अंतर मी मोजून घेतो, तुम्ही हात लावायचा नाही. पण शिक्क्याचं घड्याळ?"

शिक्क्याचं घड्याळ गावात एकच होतं, वजनमापे खात्यात. आणि ते चालवायचा अधिकार एकाच माणसाला होता.

सकाळी सगळं गाव म्हणणार नाही, पण गावातली चौकशी करणारी सगळी माणसं टाकीपाशी होती. कारकुनांनी नियम वाचून दाखवला. जी पुढे, ती शिबिराला. "आणि बरोबरी झालीच, तर दोघींना पाठवायची सोय आहे," ते म्हणाले. हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. काटेकोररावांच्या मात्र कानात शिरलं आणि तिथेच बसलं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्या कितीतरी दिवसांनी बोलत होत्या. "मुलगी तुमची, घड्याळ तुमचं, अंगठाही तुमचाच. काय ते नीट बघा."

शेवटची रेषा पंपघराच्या मागे होती, कारण पुढच्या बाजूने पाण्याच्या गाड्या जात. तिथे कारकुनांची खुर्ची आणि काटेकोरराव. बाकी सगळ्यांना पुढच्या बाजूला थांबवलं होतं. शिट्टी झाली. टिटवी लांब टांगा टाकत पुढे, खार तिच्या सावलीत. फेरीमागून फेरी तेच. शेवटच्या फेरीला पुढच्या बाजूला अशी आरडाओरड उठली, की काय झालं ते बघायला कारकून खुर्ची सोडून पंपघराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे दोन्ही जावांनी त्यांना दोन्ही बाजूंनी पकडलं आणि दोन्ही कानांत एकदम बोलायला सुरुवात केली.

त्यामुळे दोघी रेषेवर आल्या तेव्हा तिथे बघायला एकच माणूस होता. त्याने बघितलं. अगदी स्वच्छ बघितलं. अंगठा घड्याळावर दाबला गेला.

मग सगळे धावत आले. कारकून धापा टाकत, वहिनी, बायको, विमावाल्या बाई, मास्तर, दंतवैद्य. दादा सगळ्यांच्या मागे, चेहऱ्यावर काही न दाखवायचा प्रयत्न करत. मुली गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या, दोघींच्या श्वासाचा भाता एकसारखा चालला होता.

"काय झालं, छोट्या?" दादांनी विचारलं.

काटेकोररावांनी दादांकडे बघितलं. वहिनींकडे बघितलं. आपली पोर पुढे आली असं सांगितलं, तर त्या जिन्यावरून दोन्ही मजले पुन्हा कधी एकत्र येणार नाहीत, हे त्यांना दिसलं. आणि टिटवीच्या पाठीवरून घाम टपकताना दिसला. आयुष्यात त्यांनी चिमूटभर कमी वजन कधी पास केलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"बरोबरी," ते म्हणाले. "केसाचाही फरक नाही. दोघी बरोबर."

मग वहिनींनी "अगं बाई!" म्हणत जावेचा हात धरला, आणि बायकोने तो धरू दिला. दादांनी भावाच्या खांद्यावर हात टाकला. मास्तर म्हणाले, पृथ्वी फिरत असल्यामुळे हे होणारच होतं. कारकुनांनी खिशातून पेन काढलं आणि दोन नावं लिहायला झाकण उघडलं. खार तेवढी तोंड उघडं टाकून वडिलांकडे बघत राहिली.

टिटवीने मान वर केली. तिचा श्वास अजून लागलेला होता.

"काका, खोटं बोलताय," ती म्हणाली. "शेवटच्या वळणापासून रेषेपर्यंत मी हिची वेणी बघत पळालेय. बरोबरीने पळणाऱ्याला वेणी दिसते होय?"